दातवाल्यांची खुर्ची

भंगार! भंगार म्हणाल्या हो! माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचा चहा पिता पिता, माझ्याच तोंडावर! "वहिनी, हे भंगार कधी काढणार आहात?" आता कप हातात असलेल्या माणसाला काय बोलणार? कप माझा होता ना! बरं, बोलणारी कोण, तर आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. जन्मभर मुख्याध्यापिका. नोकरी संपली, पण आवाजातली घंटा काही थांबली नाही. त्या घरात शिरल्या की माणसं सोडा, डोक्यावरचा पंखासुद्धा कुरकुर थांबवून शिस्तीत फिरायला लागतो.

आणि भंगार कशाला, तर खुर्चीला! ज्या खुर्चीनं... जाऊ दे, असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. पहिल्यापासून सांगते.

तर तुम्हाला सांगते, माझं चुकतं काय? लोक टाकतात, मी उचलते. उचलते, घासते, पुसते, वापरते. चोरी करते का? औषधांचं एक जुनं दुकान बंद झालं, त्याचं खणाखणांचं कपाट ते लोक कुऱ्हाडीनं फोडायला निघाले होते. कुऱ्हाडीनं! मी मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, आधी मला फोडा. आज घरातल्या सगळ्यांचे कपडे त्या कपाटात मावतात. आता खणांवरच्या पितळी पट्ट्यांवर जुनी नावं आहेत, ती मी राहू दिली, काढायची कशाला? त्यामुळे आमच्याकडे सकाळी "आई, माझे मोजे?" "जुलाबात बघ!" असं चालतं. ह्यांचे गंजीफ्रॉक 'फक्त बाह्य उपयोगासाठी' या खणात आहेत. काय वाईट आहे? बरोबरच आहे ना! बाल्कनीत बसमधलं बाकडं आहे, खऱ्या बसमधलं. हे त्यावर पेपर वाचत बसतात आणि अजून खिडकीच्या बाजूला सरकून बसतात, शेजारी कुणी येईल म्हणून. म्हणजे वस्तू किती अंगवळणी पडलीय बघा! आणि ही लोकांनी टाकली होती. टाकायला काय लागतं हो? दोन हात! ठेवायला छाती लागते!

पण घरात माझी बाजू घेणारं कोण? कुणी नाही. ह्यांचं म्हणणं, "अगं, येतेस ती रिकाम्या हातानं ये कधीतरी." मुलाचं म्हणणं, "आई, आता बास." आणि सून... सुनेचा तर धंदाच लोकांची घरं सजवायचा. सजवायची म्हणजे काय, तर रिकामी करायची! लोक हिला पैसे देतात आणि ही त्यांच्या घरातलं सामान बाहेर काढते, भिंती पांढऱ्याफटक करते, मधोमध एक कुंडी ठेवते, त्यात एकच काडी. मला म्हणते, "आई, जागेला पण श्वास घ्यायचा असतो." पोरगी गुणी आहे, माझ्याशी कधी वर आवाज करून बोलली नाही, पण माझं कपाट बघून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मी आधी समजायचे, आवडलं.

असो. श्वासावरून आठवलं, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. आमचे सासरे. बाबा. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. भट्ट्यांच्या वर आवाज जायचा त्यांचा! घरी आले तरी आवाज खाली यायचा नाही, "मीठ दे" म्हणाले की शेजारची बाई मीठ घेऊन यायची. असा माणूस एक दिवस न्हाणीघरात घसरला. हाड मोडलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं, सगळं शाबूत. पण धीर मोडला. धीराचा फोटो कुठे निघतो? जे अंथरुणाला लागले ते लागलेच. डॉक्टर म्हणाले, "यांना बसवा. दिवसातून जेवढा वेळ जमेल तेवढा बसवा. नुसते पडून राहिले तर छातीत कफ साठेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बसवा! अहो, कशावर बसवा? सोफ्यावर बसवलं, तर सोफ्यानं गिळलं. गुडघे वर, बाकीचे बाबा आत. चौघांनी ओढून काढले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, तिनं एक पाय तिरका केला, बाबांनी असा दचकून माझा हात धरला की बांगडीच्या खुणा उठल्या. चाकांची खुर्ची आणली, तर म्हणाले, "मी काय सामान आहे ढकलत न्यायला?" मग आमच्या चिरंजीवांनी मोठ्या कौतुकानं रिमोटवाली आरामखुर्ची आणली. बटण दाबलं की पाठ मागे, पाय वर. सून खूश, रंग भिंतीला शोभत होता. बाबांना बसवलं, बटण दाबलं, पाय वर गेले... आणि वीज गेली. गेली म्हणजे गेलीच! बाबा आपले पाय आकाशाकडे करून अंधारात. मुलगा रिमोटचे सेल काढतोय, घालतोय. हे म्हणतायत, "बाबा, घाबरू नका हं, विमानात पण असंच असतं." बाबा कधी विमानात बसलेत?

वीज आली, पाय खाली आले, बाबा म्हणाले, "मला निजू द्या." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर बोलणं बंद. काही विचारलं तर "हं." भूक आहे? हं. भूक नाही? हं. भट्टीवर आवाज चढवणारा माणूस, आणि नुसतं "हं"!

हे वन्संना कळलं. त्यांनी लगेच एक शुश्रूषा केंद्र शोधलं. "रविवारी येते," म्हणाल्या, "बाबांशी बोलते आणि नाव घालून टाकते. तुमच्याच्यानं होत नाही, त्यात कमीपणा नाही." नाव घालून टाकते! शाळा आहे का ती? हे माझ्याकडे बघेनात. म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाले, "ताई म्हणते त्यातही अर्थ आहे..." बघा! बघा म्हणजे झालं! माणूस जुना झाला तरी तेच! टाकायला काय लागतं हो?

त्याच आठवड्यात मी भाजी घेऊन परत येत होते. आमच्याच गल्लीत दातांचा एक जुना दवाखाना आहे, म्हणजे होता. दातवाले डॉक्टर म्हातारे झाले, हात थरथरायला लागला, आणि थरथरत्या हातापुढे कोण तोंड उघडणार? दवाखाना विकला. तिथे आता चष्म्यांचं दुकान व्हायचंय. तर दवाखान्यातलं सगळं फुटपाथवर काढलेलं. आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी, आडवी, पाय वर करून पडलेली... ती!

लोखंडी, भक्कम. साय रंगाचं इनॅमल, मरून रेक्झीन, एका कोपऱ्याला फाटलेलं, बाकी टकाटक. दोन्हीकडे हात. डोकं टेकायला उशी. वर वाकता दिवा. बाजूला चूळ भरायचं छोटं भांडं. आणि खाली पायानं दाबायचा दांडा. मी पिशवी खाली ठेवली, तिथल्या कामकऱ्यांकडून खुर्ची उभी करून घेतली, आणि भर रस्त्यात बसले. येणारेजाणारे थांबले. एक बाई म्हणाली, "डॉक्टर आत आहेत का?" म्हटलं, माहीत नाही, मी खुर्चीकडे आलेय. एका कामकऱ्याला म्हटलं, दांडा दाब रे. त्यानं दाबला. घच्च! मी वर. घच्च! अजून वर. मग दुसरीकडून दाबला, मी खाली, सुऽऽ करत, लोण्यासारखी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्ची बाबांच्या पलंगाएवढी खाली करायची, त्यांना नुसतं तिच्यावर सरकवायचं, आणि मग हिनं त्यांना वर उचलायचं! वीज नको, रिमोट नको. घाबरलेल्या माणसांनी बसावं म्हणूनच ती बनवलेली! घाबरलेल्यांना धरून ठेवायचा जन्मभराचा अनुभव आहे तिला!

डॉक्टर बाहेर आले. म्हटलं, ही मला द्या. "न्या वहिनी," म्हणाले. "भंगारवाला पण नको म्हणतो, जड आहे. फक्त एक आहे, ही हल्ली हळूहळू जरा..." पुढचं मी ऐकलंच नाही, मी ह्यांना फोन लावत होते.

आता ती वर आणण्याची कथा. लिफ्टमध्ये मावेना. म्हणजे जिना. मुलगा, हे, वॉचमन, आणि समोरच्यांचं कपड्यांचं मशीन दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. मी पुढे. "हळू! कोपरा सांभाळा! तिचा कोपरा, तुमचा नव्हे!" दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती जी अडकली... वर जाईना, खाली येईना. मुलगा खाली अडकला, हे वर अडकले. मध्ये खुर्ची, दोन्ही हात पसरून, जशी काही म्हणतेय, यांच्यातलं भांडण मी मिटवते. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी खालून आले. "हे काय चाललंय? सोसायटीत दवाखाना काढायला परवानगी नाही!" म्हटलं, दवाखाना नाही, सासऱ्यांसाठी आहे. तर आवाज एकदम खाली करून, "अरेरे, सगळे दात काढायचेत का?" ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "मला तर नुसतं बघूनच दाढ दुखायला लागली!" अहो, नवरा ना तुम्ही माझे? शेवटी मेकॅनिकनं डोक्याची उशी आणि दिवा सोडवून काढला, तेव्हा सुटली; वर आल्यावर त्यानंच दोन्ही परत बसवलं. घरी आली. सुनेनं दार उघडलं. आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई," म्हणाली, "ही... इथे?" म्हटलं, इथेच. खिडकीपाशी, बाबांच्या पलंगाला लागून. जागा काय, उद्या घेईल श्वास. आधी बाबांना घेऊ दे!

ती आत गेली. मी समजले, रडायला गेली. तर फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन आली.

बाबांना सरकवलं. मी एकीकडून, मुलगा दुसरीकडून. मी दांडा दाबला. घच्च. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. घच्च. डोळे मिटलेले. घच्च. डोळे उघडले. समोर खिडकी. मी वाट बघत होते, आता "निजू द्या" म्हणतील, मग म्हणतील... पण म्हणाले नाहीत. बसले. पुढचे दिवस सकाळी बसले, दुपारी बसले. चूळ भरायच्या भांड्यात चष्मा ठेवायला लागले. मी मनात म्हटलं, ये रविवार, ये आता.

आणि रविवारी वन्सं आल्या. हातात केंद्राचं रंगीत पत्रक. चहा घेतला, आणि ते मघाचं वाक्य टाकलं, "वहिनी, हे भंगार कधी काढणार आहात?" मग सोफ्यावर बसल्या, बाबांच्या समोर, दोघांचे डोळे एका पातळीला. आणि सुरुवात केली. "बाबा, तिथे रात्रंदिवस नर्स असते." बाबा ऐकतायत. "तिथे बाग आहे." बाबा ऐकतायत... आणि मला दिसलं. बाबांची हनुवटी वन्संच्या खांद्याशी आली होती! खुर्ची हळूहळू खाली बसत होती! सुऽऽ! आवाज नाही, हिसका नाही, सूर्यास्तासारखी! दातवाले डॉक्टर सांगत होते ते हेच की हो! वन्संच्या ध्यानात येईना, त्या आपल्या वाकत वाकत बोलतायत, "तिथे सोबतीला माणसं आहेत, बाबा..." अजून वाकल्या. शेवटी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बघ रे, बाबा कसे खचत चाललेत! डोळ्यांदेखत खचत चाललेत!"

आता यात खोटं काय सांगणार? खचत होतेच ना!

हे तोंड उघडणार तेवढ्यात मी ह्यांच्या पायावर पाय दिला. आणि कोण उठावं? आमची सून! उठली, शांतपणे खुर्चीमागे गेली, आणि पायानं दांडा दाबला. घच्च, घच्च. बाबा वर. वन्सं सरळ झाल्या. "तर मी काय म्हणत होते, जेवण वेळेवर..." बाबा परत खाली. सूनबाई, घच्च, घच्च. "तपासायला डॉक्टर..." घच्च. मी हसू दाबायला चहाचा ट्रे तोंडासमोर धरला. पण तिसऱ्या खेपेला पोरगी थांबलीच नाही. चेहऱ्यावर काही नाही, नुसती दाबतेय. बाबा वर, वन्संच्या वर, सोफ्याच्या पाठीच्या वर, पार शेवटपर्यंत! पाय अधांतरी, डोकं दिव्याशी, जसे काही सिंहासनावर. आणि तिथून त्यांना खिडकीबाहेरची गल्ली दिसली.

खाली चष्म्यांच्या दुकानाची काच आली होती. ही भलीमोठी, दुकानाच्या तोंडाएवढी. दोघं कामकरी टेम्पोतून उतरवत होते. आडवी! पाट धरतात तशी, सपाट, मध्ये वाकलेली.

"अरेऽऽ! आडवी नको! उभी धरा, उभीऽऽ!"

तुम्हाला सांगते, भांडी वाजली. गल्लीतले सायकलवाले थांबले. कामकऱ्यांनी वर न बघताच काच उभी केली, त्यांना वाटलं देवच बोलला. "हां, तशी! खालचा हात काठावर! हळूऽऽ! अरे तू नव्हे, तू मागे बघ!" काच आत गेली. अखंड. टाळ्या वाजल्या खाली. आणि आमच्या घरात? ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. मुलगा खांबासारखा. वन्संच्या हातातलं पत्रक खाली पडलेलं.

बाबांनी मान खाली वळवली. "काय म्हणत होतीस तू?"

"काही नाही, बाबा," वन्सं म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठे गेला कोण जाणे, परकरपोरीचा आवाज होता तो. "तुम्ही परत बोलाल, असं मला वाटलंच नव्हतं हो." आणि रडल्या. सोफ्यावर बसून ढसाढसा. तेव्हा मला कळलं, बाई घाबरली होती. माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

"मी कुठे जाणार नाही," बाबा म्हणाले. "मला इथून दिसतं." आणि सुऽऽ करत खाली यायला लागले.

दुसऱ्या दिवशी दातवाल्या डॉक्टरांना बोलावलं. म्हटलं, हिचं काहीतरी करा. बिचारे पान्हे घेऊन आले, शर्टासकट जमिनीवर आडवे झाले, खुर्चीखाली शिरले. आतून आवाज आला, "वॉशर गेलाय. असला वॉशर आता मिळत नाही." मी म्हटलं, थांबा. माझी वॉशरांची बरणी आणली. हो, आहे माझ्याकडे बरणी, हसू नका! नळांचे, पंपांचे, कुकरच्या शिट्यांचे, कशाकशाचे! हे दर दिवाळीच्या साफसफाईला ती बरणी टाकायला निघतात. बरणीतला एक बरोब्बर बसला. आता सांगा! टाकायला काय लागतं हो? आणि टाकली असती तर? बाबा दिवसभर वर-खाली, वर-खाली... लिफ्टमन ठेवायचा होता का?

खुर्ची ठणठणीत झाली. डॉक्टर हात पुसत उभे राहिले. निघेनात. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाले, "जन्मभर हिच्याशेजारी उभा राहिलो, पण हिच्यात बसलो कधी नाही." बाबा म्हणाले, "मग बसा की!" बाबा पलंगावर सरकले, डॉक्टर बसले, आमच्या सुनेनं त्यांना वर नेलं. डॉक्टरांनी वरून गल्ली बघितली, आपल्या जुन्या दवाखान्याचं दार बघितलं. मी चहा ठेवला. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परत आले. "तेल बघायला आलो." तेल ठीक होतं. तिसऱ्या दिवशी, "वॉशर धरलाय का बघतो." वॉशर धरलेला. मग कारण सांगणं बंद. आता रोज सकाळी दहाला हजर! बाबा आणि डॉक्टर, आळीपाळीनं खुर्चीवर. एक वरून गल्लीतल्या कामकऱ्यांना ओरडतो, दुसरा खाली पलंगावरून घरात येणाऱ्याजाणाऱ्याला "आ करा" म्हणतो. दूधवाला आता दूध दाराबाहेर ठेवून पळतो. पाळीवरून रोज भांडण, "तुम्ही काल जास्त वेळ बसलात!" "खुर्ची माझी आहे!" "होती!" दुपारी दोघांना मऊ जेवण, एकाला दात नाहीत म्हणून, दुसऱ्याला सगळ्यांना तसंच खायला सांगायची सवय म्हणून. हे म्हणतात, "बोल आता." काय बोलू? म्हातारा एक होता तो गप्प होता, आता दोन आहेत आणि दोघं बोलतात.

तर तुमच्यापैकी कुणाकडे जुनी खुर्ची टाकायची असेल, तर टाकू नका हो, मला कळवा. जड असू दे, मोडकी असू दे, मी स्वतः येईन उचलायला. फक्त एकदा आत विचारून ठेवा... मालक बरोबर येणार नाही ना?